झाकण घातलेला चार

गाडी लाल, दोनच माणसांची, बसकी.
फोंड्यातल्या प्रत्येक गतिरोधकाने
तिच्या पोटावर सही केलेली.

आल्झिरा म्हणाली, सरळ चालते तेव्हा गप्प असते,
वळवली की मागून कुरकुर.
चर्चसमोर लावताना तर
फेस्ताला आलेली माणसं मान वळवून बघतात.

तेल कोणी बदललं?
पर्वरीत. स्वस्तात.
बरं.

आधी वरचा बोल्ट सोड, फटू.
खालचा सोडून सगळं तेल सांडलंस
आणि वरचा गंजून बसलेला निघाला
तर गाडी इथेच राहील, मग तिच्यात तुळस लाव.
मला हे कोणी सांगितलं नव्हतं.
एक फियाट तीन दिवस जॅकवर उभी होती.

तेल उतरलं काळं, वास गंधकाचा.
बोल्टच्या टोकाला चुंबक, चुंबकावर
करड्या लोण्यासारखा गाळ,
दातांवर दात घासून उरतो तो.
चिमटीत घेऊन चोळला. कण टोचला नाही.
दात शाबूत.

आता फळीवरचे डबे.
पंच्याऐंशी-एकशेचाळीस, जाड, काकवीसारखं,
सांग्याच्या खाणीवर वीस वर्षं
टिपरच्या ॲक्सलात हेच ओतलं.
त्या तेलाला घाई नव्हती.
खाण बंद पडली तेव्हा शेवटचा डबा घरी आणला,
कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.
हिला नको. हिचे दात बारीक, धाव मोठी.

हिला पंचाहत्तर-नव्वद.
मधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा.
आमचा हिवाळा डिसेंबरच्या पहाटे
स्कूटरवर छातीशी कोंबलेल्या वर्तमानपत्राएवढा,
पण पैसे त्याचेही मोजायचे.

आल्झिराने डिकीतून उरलेला डबा काढला:
हे चालेल? गिअरबॉक्सचं आहे.
ना, बाय. तिथे पितळेच्या कड्या,
त्यांना इथलं गंधक खातं.
आणि इथे गंधक कमी पडलं
तर दात दातांना खातात.
एकाच दांड्याची दोन टोकं,
एकाचं औषध दुसऱ्याचं विष.

वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी.
दोघांना आपापल्या चालीने जाऊ देणं
हे मधल्या गोळ्याचं काम.
माझा मुलगा स्विंडनला असतो,
हे काही मी तिला बोललो नाही.

हिच्या गोळ्यात शिवाय चकत्या,
एकमेकींना धरून बसणाऱ्या.
एक चाक वाळूत भिरभिरायला लागलं
की दुसऱ्याकडे जोर पाठवणाऱ्या.
त्यांना तेल हवं, फार निसरडं नको.
ओशटपणा कमी पडला तर कुरकुरतात,
जास्त झाला तर धरायचंच विसरतात.
म्हणून ही छोटी बाटली.
अर्धीच. बाकी कानाने ठरवू.

तेल भोकाच्या काठाशी आलं,
एक धार बाहेर ओघळली. पुरे.
फटूने हात पँटीला पुसले.
त्याची आई आज पुन्हा
त्याला मागच्या दारानेही घेणार नाही.

मग फर्मागुडीचं पठार, ऊन उतरताना.
क्रिकेटच्या पोरांना दहा मिनिटं बाजूला केलं.
स्टिअरिंगवर फटू, लायसन नवं,
शेजारी आल्झिरा, ओठ चावत.
सावकाश आठ काढ, म्हटलं, दहा-बारा,
चकत्यांच्या फटीत तेल शिरू दे.

पोर मराठी शाळेतलं.
एकदा वाकलं आणि गेलं की सरळ रस्त्याकडे!
अरे, आपला ८ नव्हे,
तो एकदा वळतो तो परत येतच नाही.
पाटीवरचा ४ आठव.
त्याच्या डोक्यावर झाकण घाल.

पहिल्याला कुरकुर.
तिसऱ्याला कुरकुर, पण
विचार करून केल्यासारखी.
पाचव्याला मी डोळे मिटले.
सातव्याला फक्त पोरं ऐकू आली,
काका, संपलं काय, उजेड जातोय.

टायरच्या रेघांवरच त्यांनी स्टंप रोवले.

आल्झिराने पैसे विचारले.
अर्ध्या बाटलीचे अर्धेच घेतले.
उरलेली अर्धी फळीवर ठेवली आहे,
त्या जाड डब्याला टेकून.